कुर्दी पोरं इंग्रजीवर एवढी खूश कशी काय? तिकडं पण आपल्यासारखंच चाललंय का?

टायपिंगवाला_संभाजीनगर

नमस्कार मंडळी. माझं विद्यापीठ गेटच्या बाजूला झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंगचं दुकान आहे. थेसिसचं मार्जिन बसवा, अनुक्रमणिका लावा, हार्ड बाउंडवर सोनेरी अक्षरं मारा, दिवसभर हेच. आपल्याकडं बाहेरदेशची पोरं बरीच येतात, येमेनची, इराकची. गल्लीत सगळे त्यांना सरसकट अरब म्हणतात. त्यातला एकजण इराकमधल्या सुलेमानियाचा, त्याला कुणी अरब म्हणलं की तो हातातलं काम सोडून आधी ते दुरुस्त करतो, नो अरब, कुर्द.

तर त्याचा थेसिस माझ्याकडं आलाय. विषय काय तर कुर्दी भाषेवर इंग्रजीचा परिणाम. अन् अख्खा थेसिस इंग्रजीत, कुर्दीत फक्त ऋणनिर्देशाचं एक पान, आईबापाचे आभार. मी सहज विचारलं की बाबा तुझी भाषा इंग्रजीमुळं बिघडायलीय असं लिहितोस अन् लिहितोस इंग्रजीतच, वाईट नाही वाटत का. तर हसला. म्हणे इंग्रजीनं आमचं काही घेतलं नाही, घेणारे वेगळे होते. वर म्हणे आमच्याकडं इंग्रजी म्हणजे मोकळी हवा.

आता आपल्याकडं दर चार दिवसाला कुणीतरी इंग्रजी माध्यमाच्या नावानं बोटं मोडतंय अन् हा माणूस उलटंच सांगतोय. खरं काय आहे? कुणाला माहिती असेल तर सांगा. आणि हो, त्याच्या त्या एका कुर्दी पानात मधीच चौकोन चौकोन यायलेत, त्याचं पण कुणाला कळत असेल तर बघा, सबमिशन जवळ आलंय.

—

लातूरचा_पण_पुण्यात

आधी चौकोनाचं सांगतो कारण ते सोपंय. तो सुलेमानियाचा म्हणजे सोरानी, कुर्दीची तिकडची बोली, लिहिणार. लिपी दिसायला अरबी पण तिच्यात कुर्दीची स्वतःची अक्षरं आहेत, काहींच्या डोक्यावर नाहीतर पायाखाली छोटी खाच असलेली खूण असते बघा. साध्या अरबी फॉन्टमध्ये ती अक्षरंच नसतात, मग चौकोन येतो. दुसरं म्हणजे त्यानं फाइल जुन्या अली-के घराण्यातल्या फॉन्टमध्ये टाइप केली असेल तर ते युनिकोड नाही, आपल्या श्रीलिपीच्या जुन्या फाइलींचं जे होतं तेच, दुसऱ्या मशीनवर उघडली की सगळा कचरा. त्याला युनिकोडमध्ये परत टाइप करून आणायला सांगा, परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडं ठेवा, अन् पीडीएफ करताना फॉन्ट आत एम्बेड करा.

आता मूळ मुद्दा. तुमचं गिऱ्हाईक म्हणतंय ते त्याच्यापुरतं खरंय, पण कुर्दांचं एकगठ्ठा काही सांगता येत नाही. तीन-चार कोटी तरी लोक असतील असा अंदाज देतात, अन् ते चार देशांत वाटले गेलेत, तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या सेव्र तहात कुर्दांना स्वतंत्र देश मिळू शकेल असं कलम होतं, १९२३ च्या लोझान तहात ते कलमच गायब. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची भाषेची गोष्ट वेगळी. तुर्कस्तान आणि सीरियात मुख्यतः कुरमांजी, ती रोमन लिपीत लिहितात, इराक आणि इराणमध्ये सोरानी जास्त, ती अरबी वळणाच्या लिपीत. म्हणजे एकाच भाषेच्या दोन भावांना एकमेकांची पत्रं वाचता येत नाहीत अशी गत.

तुर्कस्तानचं ऐका. १९८३ साली तिथं २९३२ नंबरचा कायदा आला, त्यात कुर्दी हे नावसुद्धा न घेता कुर्दीत छापणं-बिपणं बंद केलं, तो कायदा १९९१ ला गेला. त्याच वर्षी लेला झाना नावाची बाई खासदार झाली, शपथ तुर्कीतच घेतली पण शेवटी एक वाक्य कुर्दीत बोलली, दोन समाजांच्या भाईचाऱ्याबद्दल. सभागृहात नुसता दंगा. पुढं १९९४ ला जेलमध्ये, दहा वर्षं आत.

अन् इंग्रजीचा खरा विनोद तर इथंय. कुरमांजीच्या रोमन लिपीत क्यू, डब्ल्यू, एक्स ही तीन अक्षरं लागतात अन् तुर्की वर्णमालेत ती नाहीत. त्यामुळं ही अक्षरं वापरली म्हणून लोकांवर केसेस व्हायच्या, नवरोज म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाच्या निमंत्रणपत्रिकेत डब्ल्यू टाकला म्हणून, पोराच्या नावात एक्स आला म्हणून. पण त्याच देशात शो टीव्ही नावाचं चॅनल डब्ल्यूसकट बिनधास्त चालू होतं, वेबसाइटच्या पत्त्यात तीन तीन डब्ल्यू चालत होते! म्हणजे अक्षर इंग्रजी असेल तर मॉडर्न, कुर्दी असेल तर गुन्हा. ही अक्षरं कायद्यात बसली ती २०१३ च्या सुधारणा पॅकेजनंतर. अशा ठिकाणचा माणूस इंग्रजीला शत्रू कसा म्हणेल सांगा.

—

नांदेडचा_मास्तर

लातूरकरांनी चांगलं लिहिलं. मी जिल्हा परिषद शाळेवर आहे त्यामुळं माझं डोकं शाळेकडूनच चालतं, तेवढं सांभाळून घ्या.

त्या पोराचा इराकी कुर्दिस्तान म्हणजे एर्बिल, सुलेमानिया, दुहोक हा भाग. १९८८ साली सद्दामनं तिथं अनफाल मोहीम चालवली, १६ मार्चला हलब्जा गावावर विषारी वायू टाकला, पाचेक हजार माणसं एका दिवसात गेली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर अमेरिका-ब्रिटनच्या विमानांनी वरून पहारा दिला अन् तिथं कुर्दांचं स्वतःचं राज्य सुरू झालं, ९२ ला निवडणूक झाली. शाळा कुर्दीतून, कचेरी कुर्दीतून, २००५ च्या इराकी घटनेत तर अरबीच्या जोडीला कुर्दी ही देशाची दुसरी अधिकृत भाषा. आता विचार करा, त्या पोराच्या बापाला अरबीत अर्ज लिहावा लागायचा अन् त्याला स्वतःला अरबी धड येत पण नसंल. ९१ नंतर जन्मलेल्या पोरांचं तिथं असंच झालंय, अरबी गेली अन् तिच्या जागी दुसरी भाषा म्हणून इंग्रजी आली. इंग्रजी पहिलीपासून. वर युनिव्हर्सिट्या, एर्बिलला २००६ ला निघालेलं कुर्दिस्तान विद्यापीठ पूर्ण इंग्रजी, सुलेमानियाला २००७ ला अमेरिकन विद्यापीठ, ते तर इंग्रजीच. डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, विज्ञान सगळं इंग्रजीत.

आता आपलं बघा. आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम. कोर्टकचेरी उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं ते उर्दू माध्यमाचं. माझे आजोबा चौथीपर्यंत शिकले, सही उर्दूत करायचे, घरात बोलणं सगळं मराठी. पोलीस ॲक्शन झाली, पुढं महाराष्ट्रात आलो, मराठी शाळा गावोगाव झाल्या. इतक्या की आता जुन्या दप्तरातली उर्दू अन् मोडी वाचणारं माणूस सापडंना. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हा बघितलं ना, निजामकालीन दप्तर काढलं अन् वाचायला माणसं हुडकत फिरायची पाळी आली. आपल्याच आज्याचे कागद आपल्याला वाचता येत नाहीत.

बरं, मराठी शाळा मिळाली, मग आपण काय केलं? २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली, मग सेमी इंग्रजी आलं, गणित-विज्ञान इंग्रजीत, अन् आता तालुक्याच्या गावाला पिवळ्या बस फिरायल्यात. माझ्या शाळेचा पट दरवर्षी उतरतोय. सरकारनं मराठी काढून घेतली नाही, लोकांनी स्वतःहून पोरं उचलली. माझं म्हणणं एवढंच की कुर्दांचं पण तेच होणार, होतंयच. रक्त सांडून कुर्दी शाळा मिळवली अन् पैसेवाल्यांची लेकरं इंग्रजी प्रायव्हेटमध्ये. त्यात २०१४ पासून बगदादनं बजेट अडवलं, सरकारी पगार रखडले, मास्तर लोक महिनोन्महिने संपावर. सरकारी शाळा बंद अन् प्रायव्हेट चालू म्हणल्यावर बाप काय करंल? तिथं भाषेचं प्रेम बघत बसंल का?

त्यामुळं 'इंग्रजीनं आमचं काही घेतलं नाही' हे त्या पोराचं वाक्य मला पटत नाही. मागच्यांनी दांडगाईनं घेतलं ते दिसलं, इंग्रजीला लोक हातानं देतात म्हणून दिसत नाही एवढंच.

—

जालन्याचा_भंगारवाला

इथं नळाला आठ आठ दिवस पाणी नाही अन् तुमचं कुर्दांचं काय घेऊन बसलात राव 😀

—

नांदेडचा_मास्तर

भाऊ पाणी येईपर्यंत टाइमपास समजा.

—

बीडची_आपा

मास्तरजी, तुमचं वाचलं, बरंच पटलं पण एका गोष्टीवर बोलायचंय. निजामाची उर्दू लादलेली होती, ठीक, दप्तराची होती. पण आमच्या घरात दखनी आहे ती कुणी लादलेली नाही, आमची आईची जबान आहे. मी उर्दू शाळेत शिकले, डी.एड. केलं, आज मराठीत लिहितेय, बाजारात मराठीच बोलते. तर राज्याची भाषा अन् घरची भाषा एकच नाव लावून फिरत असतात कधीकधी, त्याच्यात गफलत होते. कुर्दांमध्ये पण मला वाटतं तसंच असणार. बहुतेक कुर्द सुन्नी आहेत, नमाज अरबीतच पढतात, कुराण अरबीतच. त्या अरबीशी त्यांचं भांडण नाही. भांडण बगदादच्या साहेबाच्या अरबीशी. त्या मुलाला अरब म्हणल्यावर राग येतो तो याच्यामुळं, भाषेचा द्वेष म्हणून नाही.

दुसरं, भाषा साफ करायची मोहीम सोरानीवाल्यांनी फार जोरात चालवली होती. विसाव्या शतकात लिहिणाऱ्यांनी अरबी शब्द वेचून वेचून काढले अन् आपले घडवले, विद्यापीठाला झानको वगैरे. आपल्याकडं शिवाजी महाराजांच्या काळात फारसीच्या जागी शब्द देणारा राज्यव्यवहारकोश झालाच होता की. पण गंमत बघा, चाळणी अरबीसाठी लावली होती. इंग्रजी शब्द तिच्यातून आरामात खाली उतरले, कारण त्यांना कुठल्या जुलमाचा वास येत नव्हता. कॉम्प्युटर, मोबाइल, बजेट हे कुणाला टोचत नाही. मी तर म्हणते शब्द आले तर येऊ द्या, एकनाथ महाराजांची अर्जदास्त वाचा, पैठणचा संत माणूस अन् ओळीओळीला फारसी, म्हणून मराठी मेली का?

तिसरी गोष्ट कुणी बोललं नाही ती मुलींची. १९९१ नंतर तिथं मदत करणाऱ्या संस्था आल्या, २००३ ला अमेरिकन फौज, मग तेल कंपन्या, मग २०१४ ला दाएश म्हणजे आयसिसच्या वेळी लाखो लोक पळून एर्बिल-दुहोकला आले तेव्हा परत सगळ्या जगाच्या संस्था. या सगळ्यांना दुभाषे लागतात. ज्या मुलीला इंग्रजी येतं तिला ऑफिसात नोकरी, पगार डॉलरमध्ये, वेळेवर. जिला फक्त कुर्दी येतं तिला सरकारी शाळेत नोकरी, पगार अडकलेला. आता अशा मुलीला कुणी भाषेच्या अस्मितेवर भाषण द्यायला गेलं तर ती चहा पाजून वाटेला लावेल. मी माझी मुलगी इंग्लिश मीडियमला घातली आहे मास्तरजी, अन् उर्दू घरी शिकवते. मला त्याची शरम नाही.

—

नांदेडचा_मास्तर

आपा, शरमेचा प्रश्नच नाही, माझा पुतण्या पण तिथंच आहे. दखनीचं बोललात ते बरोबर. पण घरी शिकवणारी तुमच्यासारखी आई किती घरात असती? माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. भाषा घरी शिकवा म्हणणं हे घरी वेळ असणाऱ्यांचं काम आहे, शाळेनंच करायला पाहिजे म्हणतो ते यामुळं.

—

बीडची_आपा

हे मान्य. बीडमध्ये राहून ऊसतोडीचं मला काय सांगता.

—

परभणीचा_इतिहासकिडा

उशिरा आलो. सगळे जण १९९१ पासून सुरू करायलेत, पण इंग्रजीचा अन् कुर्दीचा संबंध त्याच्या लई आधीचा आहे, अन् तो थोडा आपल्या देशातून पण जातो.

पहिलं महायुद्ध संपलं अन् मेसोपोटेमिया, म्हणजे आजचं इराक, इंग्रजांच्या ताब्यात आला. सुलेमानियात इंग्रजांनी शेख महमूद बर्झंजी याला नेमलं, त्यानं १९१९ ला त्यांच्याच विरुद्ध उठाव केला. पकडला, फाशी सुनावली, मग ती कमी करून कुठं पाठवलं तर हिंदुस्थानात हद्दपार! १९२२ ला तुर्कांचा धोका वाढला तेव्हा परत नेऊन बसवला, तर त्यानं स्वतःला कुर्दिस्तानचा राजा जाहीर केलं, मग इंग्रजांच्या विमानांनी सुलेमानियावर बॉम्ब टाकले. म्हणजे मोकळी हवा वगैरे ठीक आहे, पण त्या शहरावर पहिले बॉम्ब सद्दामचे नव्हते एवढं तुमच्या दोस्ताला आठवण करून द्या.

पण त्याच इंग्रजांत सोन नावाचा अधिकारी होता, वेषांतर करून कुर्दिस्तान हिंडलेला. त्यानं १९१३ ला कुर्दीचं व्याकरण लिहिलं होतं, अर्थात इंग्रजीत. सुलेमानियाला पोस्टिंग झाल्यावर १९२० ला त्यानं कुर्दीत एक साप्ताहिक काढलं, चांगलं कुर्दी लिहिणाऱ्याला प्रोत्साहन दिलं. त्यात त्याचा मतलब होता, तुर्की अन् अरबी बाजूला पडावी. पण कचेरीत कुर्दी लिहायची सवय लागली ती तिथून. १९३१ ला इराकमध्ये स्थानिक भाषांचा कायदा झाला, काही भागांत शाळा-कोर्टात कुर्दी आली, ते पण अर्धवट. लिपी सुधारण्यात तौफीक वहबी याचं नाव मोठं, प्रत्येक स्वर वेगळा दाखवायचा, नुसत्या अरबीसाठी लागणारी अक्षरं काढायची, असं. याच वहबीनं एडमंड्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर कुर्दी-इंग्रजी शब्दकोश केला, १९६६ ला ऑक्सफर्डनं छापला. आपल्याकडं मोल्सवर्थनं केलं ना, तसाच प्रकार, कोश साहेबाचा पण कामाला पडतो आपल्या.

आणखी एक. पहिलं कुर्दी वर्तमानपत्र १८९८ ला निघालं, २२ एप्रिलला, कुर्दिस्तान नावाचं. निघालं कुठं? कैरोत. मग जिनिव्हा, लंडन, फोकस्टोन असं फिरत राहिलं. कुर्दिस्तानात ते छापताच येत नव्हतं. त्यामुळं परदेशात बसून आपली भाषा लिहायची ही सवय आजची नाही. संभाजीनगरात बसून थेसिस लिहिणारा पण त्याच रांगेतला म्हणायचा.

सहज म्हणून, मास्तर, निजामाचा विषय काढलात तर एक धागा वेगळा काढा, आमच्याकडं पण भरपूर कागद पडून आहेत.

—

टायपिंगवाला_संभाजीनगर

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. चौकोन गेले, लातूरकर धन्यवाद, अली-केचाच घोळ होता.

शेख महमूदचं त्याला सांगितलं तर डोळे मोठे करून म्हणे, हिंदुस्थानात होते हे आम्हाला शाळेत शिकवतात, तुम्हाला नाही का शिकवत? मी म्हणलं आम्हाला तर मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम पण दोन पानात शिकवतात.

मास्तरांचं पण वाचून दाखवलं, इंग्रजीत सांगत सांगत, माझं इंग्रजी म्हणजे तुम्ही समजून घ्या. तर तो जरा गप झाला. मग म्हणे त्याच्या बहिणीची लेकरं सुलेमानियाला इंटरनॅशनल शाळेत आहेत, दिवसभर यूट्यूबवर इंग्रजी कार्टून, भांडतात पण इंग्रजीत. आजीला काही कळत नाही अन् आजी चिडली की ती पोरं हसतात. थेसिसमध्ये हे नाही टाकलं का विचारलं तर म्हणे गाइड म्हणतात की डेटा पाहिजे, आजी डेटा नाही.

मला आता विचारायचंय ते हे की शब्द सोडा, संस्कृतीचं काय. गाणी, सण, नवरोज वगैरे, त्याच्यावर काही परिणाम?

—

लातूरचा_पण_पुण्यात

आजी डेटा नाही 😂 गाइड लोक सगळ्या देशात सारखेच.

सणाचं म्हणाल तर नवरोज उलट जोरात चाललाय, परदेशात तर जास्तच. अमेरिकेत नॅशव्हिल नावाचं गाव आहे, तिथं कुर्दांची एवढी वस्ती की त्या भागाला लिटल कुर्दिस्तान म्हणतात. १९९६ ला सद्दामच्या भीतीनं हजारो कुर्दांना अमेरिकेनं आधी ग्वाम बेटावर नेलं अन् मग देशात वसवलं, त्यातली कितीतरी कुटुंबं. तिथली पोरं इंग्रजीत वाढलीत, कुर्दी मोडकीतोडकी, पण झेंडा, कपडे, हात धरून रांगेत नाचणं हे सगळं सांभाळतात. म्हणजे ओळख आहे पण भाषा पातळ झाली. भाषेशिवाय ओळख टिकती का हा प्रश्न तिथं खरा आहे, पुस्तकी नाही. अन् त्या पोरांना तुर्कस्तानातल्या कुर्दाशी बोलायचं तर कुरमांजी-सोरानीची अडचण, मग दोघं मिळून कुठली भाषा काढतात? इंग्रजी. चार देशांत तुटलेले कुर्द एकमेकांशी ऑनलाइन बोलतात ते बऱ्याच वेळा इंग्रजीत. याला नुकसान म्हणायचं का जोडणी, मला तरी ठरवता येत नाही.

टीव्हीचं पण तसंच. पहिलं कुर्दी सॅटेलाइट चॅनल मेड टीव्ही, १९९५ ला सुरू झालं, लायसन्स ब्रिटनचं. तुर्कस्तानातलं कुर्दांचं मोठं शहर दियारबकीर, तिथल्या गच्च्यांवर डिश लागल्या, पोलीस काढायचे, लोक परत लावायचे. ज्यांच्या भाषेत त्यांच्या देशात बातम्या नव्हत्या त्यांना लंडनवरून बातम्या. पण १९९९ ला ब्रिटननंच ते लायसन्स काढून घेतलं, हिंसेला चिथावणी दिली जाते म्हणून. साहेबाच्या भरवशावर राहिलं की असं होतं. तुर्कस्तान सरकारनं स्वतःचं कुर्दी चॅनल काढलं २००९ ला.

माझ्या कामाचा भाग म्हणजे कॉम्प्युटर. गुगल ट्रान्सलेटमध्ये कुरमांजी २०१६ ला आली अन् सोरानी थेट २०२२ ला, कोकणी, मैथिली, संस्कृत यांच्याबरोबर एकाच खेपेला. मराठी २०१३ लाच आली होती. म्हणजे २०२२ पर्यंत सुलेमानियाच्या पोराला काही शोधायचं असेल तर इंग्रजी आलीच पाहिजे, नाहीतर अरबी किंवा फारसी. मग तो इंग्रजीच घेणार ना.

—

परभणीचा_इतिहासकिडा

गाण्याचं मी सांगतो. तुर्कस्तानच्या बाजूला देंगबेज म्हणून गाणारे असतात, वाद्य नाही काही नाही, नुसत्या आवाजावर तासभर गोष्ट गातात, लढाया, प्रेमं, कुणाचा खून कुणी केला. छापायला बंदी होती त्या काळात भाषा या लोकांच्या गळ्यात राहिली. सोव्हिएत आर्मेनियातलं येरेवान रेडिओ १९५५ पासून कुर्दी कार्यक्रम लावायचं, सीमेपलीकडं तुर्कस्तानात लोक दारं लावून हळू आवाजात ऐकायचे. आता २००७ पासून दियारबकीरला देंगबेजांचं घर म्हणून जुना वाडा दिलाय, म्हातारे बसून गातात, टुरिस्ट येतात. तिथं धोका इंग्रजीचा कमी अन् ऐकणारं पोरगं नसण्याचा जास्त. त्या शहरातली पोरं घरात सुद्धा तुर्की बोलतात. शाळेत कुर्दी २०१२ पासून आहे पण ऐच्छिक, पाचवीपासून, आठवड्याला दोन तास, ते पण पुरेशी पोरं अन् मास्तर असतील तर.

म्हणून म्हणतो टायपिंगवाले, तुमच्या दोस्ताचा थेसिस सुलेमानियाबद्दल आहे, तिथं इंग्रजी हा विषय होऊ शकतो कारण बाकीचे प्रश्न थोडेफार मागे पडले. दियारबकीरच्या पोराला इंग्रजीचा परिणाम विचाराल तर म्हणेल आधी तुर्कीचं बघू.

—

जालन्याचा_भंगारवाला

पाणी आलं. सगळं वाचलं पण. एक विचारतो, हे इंग्रजीनं वरचा मजला, म्हणजे कॉलेज-विद्यापीठ, घेतला म्हणता, तर मग खालचा, शाळेचा, तरी कुर्दीला नीट मिळालाय का? म्हणजे पोरगं कुर्दीत दहावी-बारावी झालं तर पुढं काय?

—

नांदेडचा_मास्तर

भाऊ, तुम्ही टाइमपास म्हणून आलात अन् मुद्द्याचं विचारलंत.

इराकी बाजूला बारावी कुर्दीत होती, पुढं विज्ञान घेतलं की एकदम इंग्रजी अंगावर येतं. आपल्या मराठी माध्यमाच्या पोराचं अकरावी सायन्सला जे होतं तेच, पहिले सहा महिने नुसता मान हलवतो. मग बाप म्हणतो धाकट्याला पहिल्यापासूनच इंग्रजीत टाकू. असा एकेक धाकटा करत करत शाळा रिकामी होती, माझ्या शाळेचं तेच चाललंय.

सीरियाच्या बाजूचं तर आणखी अवघड. २०१२ ला असदचं सैन्य तिथून मागं सरकलं अन् कुर्दांनी शाळेत कुरमांजी सुरू केली, ज्या भाषेत तोपर्यंत चोरून क्लास घ्यावे लागायचे. पुस्तकं काढली, मास्तर तयार केले, लढाई चालू असताना. पण असदच्या दमास्कसनं त्या शाळांचे दाखले मानलेच नाहीत. कमिशलीत काही शाळा दमास्कसच्या ताब्यात राहिल्या होत्या, अरबी अभ्यासक्रमाच्या, तर कितीतरी कुर्द आईबाप आपली पोरं तिकडं घालायचे, एकेका वर्गात खच्चून पोरं. कारण दमास्कस, अलेप्पोच्या विद्यापीठात घेतात तो कागद तिथंच मिळायचा. याच्यात इंग्रजी कुठंच नाही बघा. त्यामुळं आपा म्हणतात ते मला आता जास्त पटायलंय, पोराला काय येतं याच्यापेक्षा त्याचा कागद कुठं चालतो हे आईबाप आधी बघतात, इथं पण अन् तिथं पण.

टायपिंगवाले, त्या पोराला एक विचारा माझ्यातर्फे. त्यांच्याकडं विज्ञानाची बारावीची पुस्तकं कुर्दीत आहेत, तर त्यातले शब्द विद्यापीठवाले पुढं वापरतात का, का बारावीलाच सोडून देतात? आमच्याकडं परिभाषा कोश कपाटात आहेत, म्हणून विचारतो.